नव्या टँकमधली मारामारी आणि पाणी: आधी काय सांभाळायचं?

पिंपरीच्या एका गृहस्थांचा प्रश्न आहे. तीन आठवड्यांपूर्वी मुलीच्या वाढदिवसाला त्यांनी दोन फुटी टँक आणला. चार टायगर बार्ब, दोन एंजल, दोन गोल्डफिश, सहा गप्पी आणि काच साफ ठेवायला एक सकर, असे सगळे मासे एकाच दिवशी सोडले. आता बार्ब एंजलच्या मागे लागतात, एका एंजलच्या पोटाखालचे दोन्ही लांब पर कुरतडून टाकलेत. तीन गप्पी आणि एक गोल्डफिश मेला. पाणी दुधाळ होतं म्हणून ते दर रविवारी टँक रिकामा करून खडी आणि फिल्टर नळाखाली धुतात. गुरुवारी दुकानात पाणी तपासून घेतलं तेव्हा अमोनिया २ पीपीएम (म्हणजे लिटरमागे २ मिलिग्रॅम), नायट्राइट ०.५, आणि पाणी आम्ल की अल्क हे सांगणारा पीएच ८ निघाला. दुकानदाराने एक औषधाची बाटली दिली आणि बार्ब काढायला सांगितलं. त्यांनी विचारलंय, आधी भांडखोर मासे काढू की पाणी सुधारू?

आधी पाणी. बार्बचंही बघायचं आहे, पण ते आठवडाभराने केलं तरी चालेल. पाण्याचं आज रात्रीच करायला हवं.

तुमचे मेलेले चार मासे बार्बने मारले असं तुम्ही धरून चालला आहात. मला तसं वाटत नाही. बावीस वर्षं मी पुण्यात लोकांच्या घरी, दवाखान्यांत, हॉटेलांत टँक लावतो आणि सांभाळतो. नव्या टँकमध्ये मासा मेला की घरातले सगळे गुन्हेगार शोधायला लागतात, कारण पाठलाग डोळ्यांना दिसतो आणि अमोनिया दिसत नाही. माझ्या स्वतःच्या पहिल्या टँकमध्ये हेच झालं होतं. एक लाल शेपटीचा शार्क (नावाचाच शार्क, टँकमध्ये पाळतात तो छोटा मासा) सगळ्यांना पळवायचा. दोन गौरामी मेले तेव्हा मी त्या शार्कला दोष देऊन एका मित्राला देऊन टाकलं. पुढच्या सहा दिवसांत उरलेले सगळे मासे गेले, आणि तेव्हा टँकमध्ये भांडणारं कोणीच नव्हतं. शार्क त्या मित्राकडे अनेक वर्षं जगला. ते मासे आजही आठवले की वाईट वाटतं, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय.

ओळखायची एक साधी खूण सांगतो. एकच मासा त्रासात असेल, म्हणजे वरच्या कोपऱ्यात फिल्टरच्या पाइपमागे लपून बसलेला, पर मिटलेले, खायला पुढे येत नाही, खवले निघालेले, तर ती मारहाण. सगळेच मासे एकाच वेळी वर येऊन तोंड उघडत असतील, कल्ले भराभर हलत असतील, परांच्या मुळाशी लाल रेषा दिसत असतील, तर दोष पाण्याचा. तुम्ही लिहिलंय की सकाळी सगळे मासे वर येतात. चार बार्ब सगळ्या टँकला वर पाठवू शकत नाहीत.

आता तुमचे आकडे बघू. मासा कल्ल्यांवाटे अमोनिया टाकत असतो, उरलेलं खाणं आणि विष्ठा कुजून त्यात भर पडते. पाण्यात हा अमोनिया दोन रूपांत असतो. एक रूप बरंचसं निरुपद्रवी, दुसरं कल्ले जाळणारं. कुठलं किती हे ठरतं पीएच आणि तापमानावर. पाणी २७ अंशांच्या आसपास असेल तर पीएच ७ ला घातक भाग पाऊण टक्क्याच्या आत असतो, पीएच ८ ला तो सुमारे सहा टक्के होतो. म्हणजे तुमच्या २ पीपीएमपैकी जवळजवळ ०.१२ पीपीएम घातक रूपात आहे. हा आकडा ०.०५ च्या वर गेला की कल्ल्यांना इजा व्हायला लागते. मुंबईत एखाद्याकडे धरणाचं मऊ पाणी आणि पीएच ७ असताना हाच २ आकडा आला असता, तर त्याचे मासे कदाचित नुसते मलूल दिसले असते. तुमच्या सोसायटीत महापालिकेचं पाणी आणि टँकरचं बोअरचं पाणी एकाच टाकीत पडतं असं तुम्ही लिहिलंय. बोअरचं पाणी इथे कठीण, म्हणजे जास्त क्षारांचं असतं, म्हणून पीएच वर राहतो. तो खाली आणायला काही घालू नका. पाणी कठीण असणं वाईट नाही. पीएच एकदम घसरण्यापासून ते टँकला वाचवतं आणि फिल्टरमधल्या जिवाणूंनाही ते हवंच असतं.

हे जिवाणू म्हणजे सगळ्याचं मूळ. एक गट अमोनियाचं नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचं नायट्रेट. नायट्राइटही विषारीच, ते रक्तात शिरून प्राणवायू वाहून नेण्याची ताकद काढून घेतं. नायट्रेट मात्र ४० पीपीएमच्या खाली असेल तर आपल्या नेहमीच्या माशांना चालतं. पूर्वी सगळ्या माहितीपत्रकांत दुसऱ्या टप्प्याचं काम नायट्रोबॅक्टर करतात असं छापलेलं असायचं. गोड्या पाण्याच्या टँकमध्ये हे काम प्रामुख्याने नायट्रोस्पिरा करतात, हे १९९८ साली दाखवलं गेलं. नाव लक्षात ठेवायची गरज नाही. हे जिवाणू हळू वाढतात एवढं ठेवा. दुधाचं दही एका रात्रीत लागतं, टँकला चार ते सहा आठवडे लागतात. आणि हे जिवाणू पाण्यात फारसे नसतात, ते फिल्टरच्या स्पंजवर, खडीवर, काचेवर चिकटून राहतात.

म्हणूनच दर रविवारची ती धुलाई नडली. तुम्ही मनापासून कष्ट घेतलेत, पण दर आठवड्याला तुम्ही विरजणाचं भांडंच घासून टाकत होतात, तेही क्लोरीनच्या पाण्याने. तुमचा टँक तीन आठवड्यांचा नाही, मागच्या रविवारपासून मोजायचा. त्यातल्या त्यात एक चांगली गोष्ट तुमच्याच आकड्यांत आहे. नायट्राइट ०.५ आलं, म्हणजे अमोनिया खाणारे काही जिवाणू कुठेतरी तग धरून आहेत. ते आता मरू द्यायचे नाहीत.

दुधाळपणाची काळजी सोडा. ते वेगळ्याच जिवाणूंचं पीक असतं, उरलेल्या खाण्यावर पोसलेलं. खाणं कमी केलं की आठ-दहा दिवसांत आपोआप निवळतं. काही घरांत पाणी निवळायला तुरटी फिरवतात, ते टँकमध्ये कधीही करू नका. तुरटीने पाण्याची पीएच धरून ठेवायची ताकद कमी होते.

रविवारच्या धुलाईचा तुमच्या मारामारीशीही थेट संबंध आहे, आणि हे फार जणांना माहीत नसतं. मासे एकमेकांना नुसते डोळ्यांनी ओळखत नाहीत, पाण्यातल्या गंधांवरूनही ओळखतात. कोण वरचढ, कोण दबून, हे त्यातून ठरलेलं असतं आणि ठरलं की पाठलाग कमी होतो. एंजलवरच केलेला एक अभ्यास ब्राझीलमधल्या संशोधकांनी २०१८ साली प्रसिद्ध केला. पाणी बदलल्यावर गटातली आक्रमकता वाढली, आणि निम्मं पाणी बदललं तेव्हा पाव पाणी बदलण्यापेक्षा जास्त वाढली. तुम्ही तर सगळंच पाणी बदलत होतात, वर खडी-दगडांची मांडणीही दर वेळी नवी. म्हणजे दर रविवारी मासे अनोळखी घरात अनोळखी शेजाऱ्यांबरोबर. आठवून बघा, सगळ्यात जास्त पळापळ रविवारी संध्याकाळी आणि सोमवारी असते का? माझा अंदाज आहे, असते.

मग एवढा अमोनिया असताना पाणी बदलायचं की नाही? बदलायचं. भांडणाने मासा जखमी होतो, अमोनियाने सगळा टँक जातो. पण पद्धत बदलायची. आज रात्री निम्मं पाणी काढा. उद्यापासून रोज पाव पाणी, अमोनिया ०.५ च्या खाली येईपर्यंत. नंतर दिवसाआड, मग आठवड्यातून एकदा. खडीला हात लावू नका, दगड हलवू नका, फिल्टर उघडू नका. फिल्टरमधून पाणीच येईनासं झालं तर स्पंज टँकमधून काढलेल्या पाण्याच्या बादलीत दोनदा दाबा आणि परत लावा. नळाखाली कधीच नाही.

नवं पाणी आदल्या रात्री बादलीत भरून ठेवलं तर साधा क्लोरीन बराचसा उडून जातो, पण मी त्यावर विसंबत नाही. पावसाळ्यात पालिका जास्त क्लोरीन सोडते, आणि सोसायटीची टाकी धुतल्यावर कोणीतरी मूठभर ब्लीचिंग पावडर टाकतं ती वेगळीच. हायपो घ्या, म्हणजे सोडियम थायोसल्फेटचे खडे, माशांच्या दुकानात अँटिक्लोरीन म्हणून मिळतात. १० ग्रॅम खडे १०० मिलिलिटर पाण्यात विरघळवून बाटली भरून ठेवा आणि १० लिटर नव्या पाण्याला त्यातलं १ मिलिलिटर घाला. खडे नुसते चिमटीने टँकमध्ये टाकायची सवय लावू नका, मोजून घाला. टाकी धुतली त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी पाणी बदलूच नका. वॉचमनला सांगून ठेवा, टाकी कधी धुणार ते आधी कळव म्हणून.

नायट्राइटसाठी खडे मीठ. मिठातला क्लोराइड कल्ल्यांशी नायट्राइटची वाट अडवतो. तुमच्या टँकमध्ये खडी वजा जाता साधारण ६० लिटर पाणी असेल. सव्वा फूट उंचीचा असेल तर. दोन सपाट चहाचे चमचे मीठ मगभर पाण्यात विरघळवून तासाभरात थोडं थोडं ओता. पाव पाणी बदलाल तेव्हा अर्धा चमचा परत. यापेक्षा जास्त नको.

खाणं तीन दिवस बंद. मुलीला समजावणं कठीण जाईल, पण चार दिवस उपाशी राहिल्याने धडधाकट बार्ब किंवा एंजल मरत नाही. चौथ्या दिवसापासून दिवसातून एकदा, एका मिनिटात संपेल एवढंच. मूठभर दाणे टाकून पाच मिनिटांनी तळाशी उरलेले बघणं, हे मी जवळजवळ प्रत्येक नव्या घरात पाहतो. खायला घालण्याचं काम घरात एकाच व्यक्तीकडे द्या. आजोबांनी सकाळी, मुलीने शाळेतून आल्यावर आणि तुम्ही रात्री, असं झालं की माशांना तीनदा जेवण आणि फिल्टरवर तिप्पट भार.

दुकानदाराने दिलेली बाटली परत करा. जंतुनाशक औषध घातलं तर उरलेलं विरजणही जाईल. जिवाणूंच्या म्हणून विकतात त्या बाटल्यांपैकी काही चालतात, काही चालत नाहीत, आणि उन्हात पडलेली बाटली कुठलीच चालत नाही. त्यापेक्षा ओळखीत कोणाकडे सहा महिने चाललेला निरोगी टँक असेल तर त्याच्या फिल्टरमधला स्पंज मागा. ओल्या पिशवीत घालून तासाभरात घरी आणा आणि तुमच्या फिल्टरमध्ये किंवा त्याच्या तोंडाशी ठेवा. यासारखा जलद उपाय मला माहीत नाही. फक्त त्या टँकमध्ये नुकता रोग झालेला नसावा, हे स्पष्ट विचारून घ्या. सोबत एक साधा एअर पंप आणि स्पंज फिल्टर लावा. दोन-तीन तास वीज गेली तर बंद डब्यातल्या फिल्टरमधले जिवाणू गुदमरतात. बॅटरीवर चालणारा पंप घरात असला तर तो धोका टळतो.

आता माशांकडे वळू. इथे मी थोडं कडक बोलणार आहे, कारण दुकानात तुम्हाला जे एकत्र दिलं ते द्यायला नको होतं.

गोल्डफिश आधी काढा. तो थंड पाण्याचा मासा, घाण भरपूर करतो, आणि ६० लिटरमध्ये बाकीच्यांबरोबर त्याला जागाच नाही. सकरही परत द्या. आज बोटाएवढा आहे, दोन-तीन वर्षांत फुटाच्या पुढे जातो, आणि काच साफ करतो त्यापेक्षा जास्त विष्ठा टाकतो. वर भुकेला सकर रात्री संथ माशांच्या अंगावरचा चिकट थर चाटतो. तुमच्या गोल्डफिशच्या अंगावरचे तुम्ही लिहिलेले पांढुरके चट्टे कदाचित तेच असतील. फक्त त्याला पवनेत किंवा एखाद्या तळ्यात नेऊन सोडू नका. उजनीच्या जलाशयात आज मच्छीमारांच्या जाळ्यात हे सकर येतात, त्यांना बाजार नाही आणि त्यांच्या काट्यांनी जाळी फाटतात. दुकानदार घेत नसेल तर ओळखीत मोठा टँक असलेला कोणी शोधा.

बार्बबद्दल एवढंच म्हणेन की तो वाईट मासा नाही. सुमात्राचा हा मासा थव्यात राहतो. आठ-दहा असले की नर आपसातच रंग दाखवत, एकमेकांना हुसकावत दिवस काढतात आणि क्वचितच कोणाला इजा होते. चार असले की तो सगळा जोर शेजाऱ्यावर निघतो. त्यात एंजलसारखा संथ, लांब दोऱ्यांसारखे पर लोंबकळणारा मासा समोर असला तर ते कुरतडणारच. पुष्कळ लोक यावर आणखी चार बार्ब आणायला सांगतील. मोठ्या टँकमध्ये मीही सांगितलं असतं. तुमच्या ६० लिटरमध्ये, तेही अमोनिया असताना, आणखी एकही मासा आणायचा नाही. शिवाय बार्बची संख्या वाढवूनही एंजल सुरक्षित होईल याची खात्री मी देणार नाही. बार्ब आणि एंजल यांत एकाची निवड करावी लागेल.

एंजल मुलीने निवडलेत असं तुम्ही लिहिलंय, तर बार्ब जाऊ द्या. त्यांना दुसरं घर मिळेपर्यंत एक युक्ती करा. भांड्यांच्या दुकानात मिळणारी मोठ्या जाळीची प्लास्टिकची टोपली टँकच्या कडेला अडकवा आणि सगळ्यात जास्त पाठलाग करणारा बार्ब त्यात तीन-चार दिवस ठेवा. बाहेरच्या एंजलना श्वास घ्यायला फुरसत मिळेल, आणि परत सोडल्यावर त्याची जागा गेलेली असल्यामुळे तो काही दिवस नरम असतो. कुरतडलेले पर पाणी स्वच्छ असेल तर औषधाशिवाय परत येतात. कडा पांढऱ्या आणि कापसासारख्या दिसायला लागल्या तर मात्र त्या एंजलला वेगळ्या बादलीत हवा लावून ठेवा आणि मला कळवा.

अमोनिया शून्यावर आला की, आधी नाही, झाडं लावा. व्हॅलिस्नेरियाच्या उंच पट्ट्या मागच्या बाजूला दाट लावा. कठीण पाण्यात ती छान वाढते. लाकडाला बांधलेलं जावा फर्न मधोमध ठेवा. हेतू शोभेचा नाही. एका टोकाला असलेल्या माशाला दुसऱ्या टोकाचा मासा दिसला नाही की अर्धा पाठलाग सुरूच होत नाही. उघड्या टँकमध्ये दबलेल्या माशाला पळून जायला जागा असते, लपायला नसते. वरच्या बाजूला मनी प्लांटची दोन कांडं मुळं पाण्यात राहतील अशी अडकवा. नायट्रेट खायला ती उपयोगी पडतात आणि आपल्याकडे कुठल्याही बाल्कनीत मिळतात.

गप्पींसाठी बाल्कनीत एक टब करा. तुमचं कठीण पाणी त्यांना आवडतंच, आणि एंजल मोठे झाले की लहान गप्पी त्यांचं खाणं होणार आहेत. दोन्ही एंजलचं सांगायचं तर ते आत्ता रुपयाएवढे असतील. वर्षभरात पर धरून वीतभर उंच होतील. त्यांची जोडी जमली तर अंडी घालायच्या वेळी ते टँकमधल्या प्रत्येकाला हाकलतील. दोन्ही नर निघाले तर एकमेकांची तोंडं धरतील. या टँकमध्ये ते कायमचे राहू शकत नाहीत. वर्षाच्या आत दीड फूट उंचीचा तीन फुटी टँक घ्यायची तयारी असेल तरच दोघांना ठेवा. नसेल तर मुलीला आत्ताच सांगा, वर्षभराने सांगणं जास्त जड जाईल.

मोजमाप मात्र स्वतः करा. थेंबांनी रंग बदलणारा किट घ्या, पट्ट्यांचा नको, अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही मोजणारा. पहिले दहा दिवस रोज, नंतर तीन दिवसांनी एकदा, आणि आकडा वहीत लिहा. साधारण आधी अमोनिया उतरेल आणि नायट्राइट चढेल. ते २ पर्यंत गेलं तरी घाबरू नका, पाव पाणी आणि मिठाचं प्रमाण सांभाळा. मग एके दिवशी ते दोन-तीन दिवसांत एकदम खाली येतं. सलग सात दिवस पाणी न बदलता दोन्ही शून्य राहिले, नायट्रेट दिसायला लागलं, की टँक लागला असं समजा.

त्यानंतरच नवा मासा. एकदम सहा नाही, आधी तीन कोरीडोरस, म्हणजे तळाशी राहणारे छोटे शांत मासे, दिवा बंद केल्यावर सोडायचे, सोडण्याआधी एंजलना थोडं खायला घालून. आठवडाभर मोजत राहा. अमोनिया शून्यावरच राहिला तर उरलेले तीन आणा.